मागचे डोळे

ऑनलाइन मेंदूविज्ञानाच्या वर्गाला प्रयोगशाळा नसते, म्हणून मॅडमनी सगळ्यांना घरीच मातीचा मेंदू करायला सांगितला होता. मला शाडू शोधावी लागली नाही. बाबांनी जन्मभर गणपतीच केले होते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर मात्र, दोन वर्षं, त्यांनी कुंचल्याला हात लावला नव्हता.

मेंदू पडवीत वाळत होता. वर्गाची वाट बघता बघता दुपारी माझा डोळा लागला. कुणीतरी माझ्याकडे शांतपणे बघतंय, असं स्वप्न पडलं. जागी झाले, तर खरंच मेंदू बघत होता. त्याच्या मागच्या बाजूला दोन पाणीदार डोळे काढलेले होते आणि शेजारी बाबा बसले होते. बोटांना काळा रंग.

"बाबा, हा गणपती नाही हो! आता काय दाखवू मी?"

वर्ग सुरू झाला होता. मी मान खाली घालूनच मेंदू कॅमेऱ्यासमोर धरला. "सॉरी मॅडम. वडिलांना मूर्ती वाटली. त्यांनी डोळ्यांची आखणी केली, तीही मागे."

मॅडम त्या डोळ्यांकडे बघायला स्क्रीनजवळ वाकल्या.

"पुसू नकोस," त्या हळूच म्हणाल्या. "पाहण्याचं केंद्र मेंदूत मागेच असतं. बरोबर तिथेच काढलेत त्यांनी. कुठे आहेत तुझे वडील?"

मी लॅपटॉप बाबांकडे वळवला. कुंचला अजून त्यांच्या हातातच होता, आणि हात थरथरत नव्हता.

"हा झाला," ते म्हणाले. "पुढचा गणपती आण."