चाव्या वाजल्या की

"मी त्याला कधी हातसुद्धा लावलेला नाही," चावीवाला तिसऱ्यांदा म्हणाला.

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि बोळ्याचे कान, दात, पोट तपासलं. कापसाच्या बोळ्यासारखा तो पांढरा बोका टेबलावर निवांत बसला होता. जणू तक्रार दुसऱ्याच कुणाबद्दल होती.

"तब्येत ठणठणीत आहे. घरी नेमकं काय करतो?"

"मी आलो की धूम ठोकतो. थेट कपाटाखाली. तासभर बाहेर येत नाही."

चावीवाल्याचं कुलपांचं दुकान होतं. कमरेला नमुन्याच्या चाव्यांचा एवढा मोठा जुडगा असायचा, की त्याने जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला की तिसऱ्या मजल्यावर कळायचं. गल्लीत त्याला मान होता. कुणाचं दार अडकलं तर जेवण टाकून धावायचा, वर पैसे घ्यायला आढेवेढे घ्यायचा. अशा माणसाला घरातलं एवढंसं जनावर भ्यायचं, हे त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"जनावराचा हिशोब साधा असतो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "एक आवाज आणि पाठोपाठ काहीतरी वाईट. आठ-दहा वेळा तसं झालं की मग वाईट घडावंही लागत नाही, नुसता आवाज पुरतो. माझ्या या कोटाचंच बघा. सुई टोचते मी, पण कुत्री घाबरतात कोटाला. कोट काढला की तीच माझे हात चाटतात."

"म्हणजे याला माझ्या चाव्यांची भीती बसलीय?"

"तसंच दिसतंय. उलटं शिकवून बघा. चाव्या वाजवायच्या आणि लगेच आवडीचं काहीतरी द्यायचं."

"रविवारपर्यंत बघतो. नाही जमलं तर देऊन टाकतो कुणाला तरी. स्वतःच्या घरात चोरासारखं शिरायचं म्हणजे काय?"

संध्याकाळी त्याने बायकोलाही तेच सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"रविवारी खरंच नेणार त्याला?"

"ते त्याच्या हातात आहे."

ती पुन्हा भाजी चिरू लागली. दिवसभर घरात तिला बोलायला बोळ्याशिवाय कुणी नव्हतं, त्यामुळे तिचा सगळा जीव त्याच्यात अडकलेला. पण वाद घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. चावीवाल्याला तिचं हेच कौतुक होतं. जिन्यात चाव्या वाजल्या की ती आपण होऊन रेडिओ बंद करी, खुर्ची आत सारी, त्याचा चहा टाकी. पहिल्या वर्षी सगळं सांगावं लागायचं. आता सांगावं लागत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तिच्या बहिणीला ताप आला आणि ती चार दिवस तिकडे गेली. चावीवाल्याने शिकवणी सुरू केली. चाव्या वाजवल्या, उकडलेल्या माशाचा तुकडा पुढे केला. बोळ्याने मासा खाल्ला आणि मिशा पुसल्या. पळण्याचं नाव नाही. चौथ्या दिवशी तर चाव्या वाजताच तो दारात येऊन त्याच्या बुटांवर अंग घासायला लागला. चावीवाल्याला इतका आनंद झाला की त्याने शेजाऱ्याला बोलावून ते दाखवलं.

पाचव्या दिवशी बायको परत आली. संध्याकाळी चाव्या वाजल्या आणि बोळा कपाटाखाली गेला.

चावीवाल्याचं डोकं चालेना. आवाज तोच, मासा तोच, दार तेच.

"तू काय करतेस त्याला?" त्याने विचारलं.

"काही नाही हो."

"मग तू नसताना तो माझ्या पायात घुटमळतो आणि तू आलीस की पळतो, ते कसं?"

"मला खरंच नाही माहीत." ती कुडत्याची बाही मनगटापर्यंत ओढत भिंतीजवळ उभी होती. तिलाही उलगडा होत नव्हता, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "त्याला नका ना देऊ कुणाला."

शनिवारी त्याने डॉक्टरबाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मोबाइल चालू करून खोलीत ठेवा. तुम्ही दार उघडण्याच्या आधी काय घडतं, ते मला बघायचंय."

जेवण झाल्यावर त्याने मोबाइल घड्याळाच्या आडोशाला ठेवला, दुकानात गेला आणि अर्ध्या तासात परत आला. आत आल्यावर बोळा कपाटाखालीच होता. चावीवाल्याने ते चित्रण घरी दोनदा पाहिलं. त्याला काही वावगं दिसलं नाही. तसाच मोबाइल घेऊन तो दवाखान्यात गेला.

दोघं शेजारी बसून बघू लागले. पडद्यावर बायको खुर्चीत बसून त्याच्या शर्टाला बटण लावत होती. मांडीवर बोळा झोपलेला. रेडिओवर कुणीतरी गात होतं. मग लांबून, जिन्यातून, चाव्या वाजल्या.

बोळ्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत.

बायको ताडकन उठली. बोळा मांडीवरून जमिनीवर आपटला. तिने रेडिओ बंद केला, खुर्ची आत सारली, कपाटाशेजारच्या कोपऱ्यात पाठ टेकवली. आवाज दाराशी आला तसे तिने दोन्ही हात कोपरातून वाकवून डोक्यावर धरले. बोळ्याने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मग तो पळाला. कुलूप फिरायच्या आत तिने हात खाली घेतले, केस नीट केले.

डॉक्टरबाईंनी चित्रण थांबवलं.

"बघितलंत ना?" चावीवाला गोंधळून म्हणाला. "मांजराला मी कधी हातसुद्धा लावलेला नाही."