नको म्हटलेली बातमी

मेलेल्या मेंढ्यांचा खड्डा बुजवून जेसीबी निघून गेला, तरी सरूबाई कळपाभोवतीच्या जाळीपासून हलली नाही. जाळीच्या आत उरलेल्या मेंढ्या एकमेकींच्या पोटाखाली तोंडं घालून उभ्या होत्या. बाहेर बाभळीखाली तिचा दीर सोनाजी बसला होता. सकाळपासून त्यानं पाण्याचा घोट घेतला नव्हता.

"भाऊजी," सरूबाई म्हणाली, "बाजाराच्या आदल्या दिशी म्या तुम्हाला इचारलं व्हतं. काय लिहून आलंय का म्हणून."

"व्हय."

"तुम्ही म्हणला, समदं वाचलं, काय नाय. जा बिनघोर."

"व्हय, वहिनी. समदं वाचलं व्हतं."

त्यात खोटं काही नव्हतं. साठी उलटल्यावर नातीकडून अक्षरं शिकलेला सोनाजी रोज उठून मोबाइल घेऊन बसे. एक बातमी संपली की बोटानं वर सरकवायची, खालून दुसरी येई. बोट भरून येईपर्यंत तो वाची. वस्तीवरच्या म्हाताऱ्यांत वाचणारा तो एकटाच. पाऊस कुठं आहे, लोकर कुणी विचारतंय का, घाट बंद आहे का, सगळं त्यालाच विचारायचे. सरूबाई तर त्याच्या शब्दावर कळप हलवायची. त्याच शब्दावर ती सिल्लोडच्या बाजाराला गेली आणि दोन गाभण मेंढ्या घेऊन आली. आधी त्या दोघी गेल्या. मग घरच्या जायला लागल्या.

नात श्रेया शहरात, उस्मानपुऱ्यातल्या औषधाच्या दुकानात कामाला होती. आज सुट्टी टाकून आली होती. तिनं आपल्या मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि आजोबापुढं धरलं.

"आबा, हे बघा. तुम्ही वाचता तीच साइट. सिल्लोडच्या बाजाराची बातमी. आपली आजी बाजाराला गेली त्याच्या आधीची. पार वरती, मोठ्या अक्षरात होती. दुसऱ्या दिवशी परत दिली, तिसऱ्या दिवशी परत."

सोनाजीनं चष्मा धोतराला पुसला. साइटचं नाव तेच होतं, तसंच लाल.

"माझ्यात नव्हती आली."

"आणा तुमचा."

तिनं त्याचा मोबाइल उघडला. वेरूळचा धबधबा. कुस्तीचा फड. विहिरीत पडलेला बिबट्या. जत्रेतला मेंढा, गळ्यात हार घातलेला. खाली आणखी एक धबधबा.

"साइट म्हणजे अख्खा बाजार, आबा. तुमच्या मोबाइलवर येती ती त्यातली भरून दिलेली पिशवी."

"मग भरतं कोण?"

श्रेयानं कुठंतरी आत बोट दाबलं, आणखी आत दाबलं, आणि थांबली. आजोबाकडं न बघता म्हणाली, "तुम्हीच की. 'अशा बातम्या नको' म्हणून दाबलंय. मेंढ्यांच्या रोगाच्या बातमीवर. एकदा नाही, जेव्हा आली तेव्हा."

सोनाजीला आठवलं. मागच्या साली असाच जाळीपाशी बसला असताना मोबाइलवर मेंढीचं तोंड आलं होतं. फोडांनी भरलेलं, डोळे बंद झालेले. त्या रोगाचं नाव कळपापाशी घ्यायचं नाही, ही त्यांच्यात बापजाद्यांपासूनची रीत. नाव घेतलं की तो वाट विचारत येतो. आणि इथं तर नावासकट चित्र कळपापुढं येऊन उभं! त्यानं घाईनं खालचं एकेक अक्षर लावलं आणि 'नको'वर बोट दाबलं. मोबाइलनं लगेच लिहून दाखवलं, बरं, यापुढं कमी दाखवू. त्याला केवढं बरं वाटलं होतं. एवढं मोठं यंत्र, पण एका मेंढपाळाचं ऐकतं.

"काय म्हणती पोरगी?" सरूबाईनं विचारलं.

"काही नाही आजी," श्रेया म्हणाली. "मोबाइलच तसा असतो. त्यानंच—"

"मोबाइल नाय," सोनाजी म्हणाला. "वहिनी, म्याच त्याला सांगितलं व्हतं. हे माझ्यापुढं आणू नको म्हणून. त्यानं नाय आणलं."

जाळीला अडकलेला लोकरीचा पुंजका सरूबाईनं सोडवला आणि मुठीत धरला.

"मग आता वाचा."

"आता?"

"व्हय. काय लिहिलं व्हतं ते ऐकू तर द्या."

"इथं? कळपापाशी?"

"आता कुणाला भ्यायचंय?"

सोनाजी उठला. श्रेयाचा मोबाइल दोन्ही हातांत धरून जाळीजवळ गेला. त्यानं वाचायला सुरुवात केली. रोगाचं नाव आलं तेव्हा त्यानं एकदा मेंढ्यांकडं बघितलं आणि ते नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा, कळपासमोर, मोठ्यानं. मेंढ्यांना देवी. बाजारातून जनावर आणू नका. आणलं असल्यास कळपात सोडू नका, लांब बांधा. जोडाक्षरं आली तिथं तो थांबला, ती फोडून घेतली, मग पुढं गेला. मध्येच आत एक मेंढी खोकली. तो गप्प झाला. सरूबाईनं हातानंच खूण केली, वाचा.

त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. एक अक्षर गाळलं नाही.

"चांगलं वाचता की, भाऊजी," सरूबाई म्हणाली.