टोपलीभर रानलसूण

नणंद रानलसणाच्या भाजीचं भरलेलं ताट तसंच घेऊन स्वयंपाकघरात आली. "वहिनी, अगदी अशीच दिसणारी विषारी पानंही त्याच रानात उगवतात म्हणे. तुमच्या एका नाकावर सगळ्या घराचा जीव टांगलाय."

"मग नाक काय नुसतं मुरडायला दिलंय?" वहिनी हसली. "अगं, पान चुरडायचं नि हुंगायचं. लसणाचा वास आला तर रानलसूण, नाही आला तर विष. सकाळी एकूण एक पान हुंगूनच टोपलीत टाकलंय. एकही बिनवासाचं निघालं नाही."

नणंदेनं तरी ताट ओट्यावरच ठेवलं. बाहेर सासरे आणि वहिनीची धाकटी लेक मिटक्या मारत जेवत होते.

नाक खाजलं म्हणून वहिनीनं हात वर नेला. दोनदा साबणानं धुतलेला, रिकामा हात. तरी लसणाचा वास आला. पहिलं पान चुरडल्यापासून हा वास बोटांनाच होता. त्यानंतर तिनं गवताची काडी हुंगली असती, तरी तिलाही लसणाचाच वास आला असता.

"सूनबाई," बाहेरून सासऱ्यांची हाक आली, "भाजी फक्कड झालीय. आमच्या दोघांची ताटं चाटूनपुसून साफ!"