चिंचेची सावली

देहूरोडजवळच्या आमच्या मैदानाच्या कडेला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका गोऱ्या कॅप्टनची कबर आहे, दगडावर बॅट कोरलेली. मॅचआधी माझा भाऊ सुजित तिथं नारळ फोडतो, मग अख्खी टीम शेजारच्या चिंचेखाली बसते. आजोबा मात्र भर उन्हात उभे राहून मॅच बघतात.

"आपल्या घरातलं कुणी त्या चिंचेखाली बसत न्हाई."

"का पण, आजोबा?"

"ठावं न्हाई. माझा बापबी बसत नव्हता."

आज फायनल. सुजित नारळ घेऊन निघाला, तेव्हा कॉलेजच्या लायब्ररीत सापडलेली त्या कॅप्टनची डायरी मी त्याला वाचून दाखवली.



"जेवणाच्या सुट्टीत गावातल्या चार बंडखोरांना मैदानाकडेच्या चिंचेला लटकावलं. परत येऊन खेळलो. नाबाद अठ्ठ्याण्णव."