दोन बनियन

जेसीबीचं तोंड कोपऱ्यातल्या आघाड्याला लागणार, एवढ्यात सुशीलाबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. एका हातात खुरपं, दुसऱ्या हातात घमेलं. वय सत्तरीचं, पण आबिड्सच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेलं. वर्ग गप्प होईपर्यंत जागचं हलायचं नाही, ही सवय अजून गेली नव्हती.

“क्या जी अम्मा, हटो ना,” ड्रायव्हर वरून ओरडला. “टाइम हो रा.”

“ठैरो जी. पाच मिनट.”

मलकपेठच्या त्या अपार्टमेंटची निम्मी माणसं खाली जमली होती. मागच्या भिंतीजवळचा हा रानटी कोपरा सपाट करायचा आणि पुढच्यासारखं लॉन तिथेही लावायचं, असा ठराव आठवड्यापूर्वी पास झाला होता. ठरावाखाली सही सेक्रेटरींची, म्हणजे सुशीलाबाईंच्याच यजमानांची. अनंतराव सरकारी नोकरीतून कधीच निवृत्त झाले होते, पण त्यांची सही अजून कामावर होती.

“अगं, लोक बघतायत,” ते दबक्या आवाजात म्हणाले.

“बघू देत की. त्यासाठीच आलेय.”

“आंटी, तिथे नुसता कचरा उगवतो ना,” तिसऱ्या मजल्यावरची मेघना म्हणाली. “बच्चे लोकांना जागा पाहिजे.”

“कचरा? परवाच्या गणपतीला आघाडा कुठून नेलास गं? लॉनमधून?”

मेघना मोबाइलमध्ये बघू लागली.

सुशीलाबाई वाद घालायला आल्याच नव्हत्या. वाद मीटिंगमध्ये घालून झाला होता आणि त्यात त्या सपशेल आपटल्या होत्या. मातीत डोळ्यांना न दिसणारे लाखो जीव असतात, वर नाना तऱ्हेची झाडंझुडपं असली तर खालीही नाना तऱ्हेचे जीव जगतात, आणि वर एकच गवत ठेवलं की खालचे एकेक करून संपतात, हे त्यांनी जीव तोडून सांगितलं होतं. ‘मॅडम, दिसतच नाहीत त्यांचं काय घेऊन बसलात!’ असं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. तो हशा त्यांना फार झोंबला होता.

त्या तरातरा आधी लॉनकडे गेल्या. लॉन तीन वर्षांचं, एकाच जातीच्या गवताचं, दर महिन्याला तणनाशक आणि युरिया खाऊनही पिवळंच. कडेला त्यांनी रोवून ठेवलेली एक काडी होती. तिथे त्यांनी जोर लावून खुरपं घातलं. वीतभर खाली कापड लागलं. त्यांनी ते ओढून काढलं, झटकलं आणि सगळ्यांसमोर उंच धरलं.

पुरुषाचा बनियन होता. मळकट, पण अखंड. गळ्याशी इस्त्रीवाल्याने घातलेली खूणसुद्धा वाचता येत होती.

“हा तर माझा!” अनंतराव म्हणाले, आणि म्हटल्यावर पस्तावले. दोरीवरचे दोन नवे बनियन पळवले म्हणून दोन महिने ते सोसायटीच्या ग्रुपवर माकडांच्या नावाने शंख करत होते.

“आषाढात, बोनालूच्या सणाच्या रविवारी पुरलाय,” सुशीलाबाई म्हणाल्या. “शुद्ध सुती. मातीतल्या जिवांचं आवडतं खाणं. चला आता, जोडीदार बघू त्याचा.”

सगळे निमूट मागोमाग कोपऱ्यात आले. ड्रायव्हरही खाली उतरला. आघाडा, केना, टाकळा, घोळ, आणि नावं माहीत नसलेलं कायकाय बाजूला सारून सुशीलाबाईंनी दुसरी काडी शोधली. इथे खुरपं आपसूक आत गेलं. त्यांनी काळ्या, भुसभुशीत मातीत बोटं घालून बराच वेळ चाचपलं आणि तळहात पुढे केला. हातावर शिवणीचा नायलॉनचा दोरा होता आणि कंपनीचं लेबल.

“बाकीचा कुठाय?” मेघनाने विचारलं.

“खाल्ला. त्याची माती झाली. त्या मातीतला आघाडा तू गणपतीला वाहिलास.”

कुणी हसलं नाही. सुशीलाबाईंनी अखंड बनियन नवऱ्याच्या हातात ठेवला. “हा धुऊन घाला. अजून पाच वर्षं जाईल. लॉनखाली त्याला खाणारं कुणी उरलेलंच नाही. म्हणून तर वरून युरिया भरवावा लागतो आणि पाऊस झाला की चार दिवस पाणी मुरत नाही.”

ड्रायव्हरने चिमूटभर माती नाकाशी नेली. मग अनंतरावांकडे पाहिलं. “चलाऊं क्या साब?”

“ठराव झालाय, सुशीला,” अनंतराव म्हणाले. आवाज सेक्रेटरीचा होता, पण जोर ओसरलेला. “अकरा विरुद्ध तीन.”

“असू दे.”

त्यांनी मुळं, बिया, गांडुळं सगळ्यासकट घमेलं भरलं. उचलताना गुडघे कुरकुरले. मेघना पुढे झाली, तिला त्यांनी मानेनेच नको म्हटलं. जाता जाता नवऱ्याच्या हातातला बनियन ओढून घेतला, लॉनमधल्या खड्ड्यात पुन्हा टाकला, वर ते घमेलं रिकामं केलं आणि चपलेने माती दाबली.

“अगं, हे काय चाललंय?”

“तुम्ही कोपऱ्याचं लॉन करा. मी लॉनचा कोपरा करते. बघू कोण आधी पोचतं ते.”

अनंतराव खड्ड्याकडे बघत राहिले. मग ड्रायव्हरकडे न बघताच म्हणाले, “दो महिने के बाद आना.”

सुशीलाबाईंनी आभार मानले नाहीत. रिकामं घमेलं कमरेवर घेतलं आणि पिवळ्या लॉनवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

“एकाने भागायचं नाही,” त्या म्हणाल्या. “घरात आणखी किती बनियन आहेत तुमचे?”