डिमरची तोंडी परीक्षा

सहाव्यांदा मेन स्विच बंद करून मुळे सरांनी हॉलमधला बोर्ड उघडला आणि सहाव्यांदा त्यांना डिमरची जोडणी बरोबर आढळली. बरोबर होती हीच अडचण होती. चूक असती तर त्यांनी ती केव्हाच दुरुस्त केली असती.

बोर्ड बंद करून त्यांनी मेन चालू केला आणि डिमरची चकती हळूच खाली आणली. छताचे चारही बल्ब थरथरले, विझले, पेटले, पुन्हा थरथरले. राहात्यात चौतीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाशी ते असे वागत होते.

"जमलं का हो?" आतल्या खोलीतून शोभाने विचारलं.

"जमेल. आजच जमेल."

शोभाला अर्धशिशी होती. गेले चार महिने हॉलमधला पांढरा उजेड तिला सोसत नव्हता, आणि दिवेलागणीनंतर ती आत अंधारात पडून असायची. उजेड कमी करता आला तर तिला बाहेर बसता येईल, म्हणून सरांनी स्वतःच्या हाताने डिमर बसवला होता. ती हौसेने बाहेर आली, त्या फडफडीखाली दोन मिनिटं बसली आणि डोळ्यांवर पदर ओढून परत आत गेली. आजवर तिचं डोकं नुसत्या उजेडाने दुखत होतं. आता ते सरांनी सुधारलेल्या उजेडाने दुखू लागलं.

शेवटी त्यांनी सुनीलला फोन केला. 'काम आहे' असं मात्र म्हणाले नाहीत. 'तुला एक प्रश्न विचारायचाय' म्हणाले.

सुनील त्यांचा जुना विद्यार्थी. आता त्याचं स्वतःचं इलेक्ट्रिकचं दुकान होतं, हाताखाली चार माणसं होती, कानाजवळचे केस पिकले होते. तरी त्याने चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवल्या, खांद्यावरची पिशवी उतरवली आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"वर बघ. काय दिसतं?"

"बल्ब फडफडत्यात, सर."

"ते निरीक्षण झालं. कारण?"

सुनीलने बल्बांकडे पाहिलं, मग डिमरकडे. त्याच्या चेहऱ्यावर उत्तर चमकून गेलं. सरांना ते स्पष्ट दिसलं. चौतीस वर्षांत असं चमकणं त्यांनी मोजक्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं, सुनीलच्या तर कधीच नाही. पण सरांची नजर आपल्यावर रोखलेली त्याला दिसली, आणि ते मावळलं.

"तुमी जोडलंय म्हनल्यावर जोडनी बरुबरच आसनार."

"जोडणीचं विचारलेलं नाही. कारण सांग."

"व्होल्टेज..."

"चूक. मोजलंय मी."

"मग अर्थिंग?"

"अंदाज मारू नकोस."

"सर, मी सांगनार आन् ते चुकनार. नववीपासून तसंच हाय. तुमीच सांगून टाका."

"अहो, त्याला कशाला छळताय?" आतून आवाज आला. "तो काय पेपर द्यायला आलाय?" आणि पाठोपाठ खोलीचं दार लोटल्याचा आवाज झाला. फडफड तिच्या अंथरुणापर्यंत पोचत असावी.

सर त्या बंद दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी घसा साफ केला. पुढचं वाक्य त्यांनी वर्गात कधी उच्चारलेलं नव्हतं. त्यामुळे ते कोणत्या सुरात म्हणायचं असतं, याची त्यांना कल्पना नव्हती.

"सुनील, मला हे येत नाही. तुला येत असेल तर सांग."

सुनीलचे मागे बांधलेले हात सुटले. "खरंच इचारताय?"

"खरंच."

"बल्ब, सर!" तो भडाभडा बोलला. "डिमर चांगला हाय, जोडनी एक नंबर हाय. पन हे साधे एलईडी. ह्यांना एक तर पुरता करंट द्या, न्हाईतर देऊच नका. अर्धामुर्धा दिला की असं करत्यात. डिमरवर चालनारे येगळे मिळत्यात. उद्या नगरहून मागवतो."

"उद्या नाही. आज ती बाहेर बसली पाहिजे."

सुनीलने डोकं खाजवलं. मग पिशवीतून पुठ्ठ्यात गुंडाळलेला एक बल्ब काढला, जुन्या पद्धतीचा, आत तार असलेला. "हा चालंल. पन पोल्ट्रीवर चाललाय, पिल्लांना ऊब द्यायला. घरात लावनार का?"

"लाव."

चार एलईडी उतरले, कोंबड्यांचा एक बल्ब चढला. सरांनी चकती फिरवली. बल्ब निमूट पिवळा झाला, आणखी फिरवल्यावर नारिंगी झाला. फडफडला नाही.

"काकू, या बघू भाईर," सुनील म्हणाला.

शोभा कपाळाला हात लावून आली आणि खुर्चीच्या कडेवर टेकली. थोड्या वेळाने हात खाली आला. "अजून किंचित कमी... हां. राहू द्या."

सरांनी जेमतेम अर्धं मिनिट धीर धरला.

"वास्तविक याचं कारण सोपं आहे," ते म्हणाले. सुनीलचे हात पुन्हा मागे गेले. "तार तापायला वेळ लागतो, तसाच निवायलाही. त्यामुळे डिमर विजेत पाडतो तो मधला खंड तिला जाणवतच नाही." तारेवरून ते धातूंवर गेले, धातूंवरून उष्णतेवर. उष्णतेचा विषय निघाल्यावर सुनीलला पोल्ट्रीवरची पिल्लं आठवली आणि तो चपला घालून निघाला.

सरही बोलायचे थांबले. लग्नाला चाळीस वर्षं झाली होती, आणि अशा वेळी शोभाला स्वयंपाकघरात काहीतरी काम निघतंच, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं.

शोभा खुर्चीत मागे रेलली. तिचे डोळे उघडे होते.

"थांबलात कशाला?" ती म्हणाली. "सांगा की पुढं. बसलेय मी."