यादीतलं नाव

माझी सून सत्यशीला नागापुरात एका हापिसात कॉम्प्युटरवर मतदारयादी टाईप करते. अख्ख्या तालुक्याची एकच फाईल, उघडायला अर्धा तास खाते.

"तुज्या सासऱ्याचं नाव काढ. मरून बारा वर्सं झाली," मी तिच्या हापिसात जाऊन दरडावलं. जिवंतपणी त्यानं माझी हाडं मोडली, आता यादीतही माझ्या डोक्यावर बसलेला.

तिनं नाव काढलं. फाईल पुन्हा उघडली, तर नाव तिथंच. परत काढलं, परत आलं.

"आत्या, मला भ्या वाटतंय."

"सर बाजूला, भित्री कुठली!"

फाईल पुन्हा उघडायला लावली. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून चाळीस वर्षं गिळलं होतं, ते मी संतापानं घेतलं, "गहिनीनाथ!"

फाईल झटक्यात उघडली. सगळा तालुका गायब. मला अक्षरं जेमतेम लागतात, पण काळ्या पडद्यावरचा तेवढा एक शब्द लागला.

"आलो."